सोयाबीनचं प्रथिन पदार्थात कसं वागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाशीम, अकोला, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या पट्ट्यात खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन. सोंगून, मळून ते बाजार समितीत जातं, तिथून तेल गिरणीत. पिकवणाऱ्याच्या चुलीवर ते क्वचितच चढतं. आता गावोगावच्या बचत गटांतल्या बायका सोया दूध, सोया पनीर, पीठ, फुटाणे करायला लागल्या आहेत आणि प्रशिक्षणात माझ्याकडे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यातल्या बहुतेकांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं: दाण्यातलं प्रथिन कसं बांधलेलं आहे आणि आपण त्याला किती उष्णता, कसलं पाणी, किती आंबट दिलं. प्रथिनाचा टक्का सगळेच सांगतात. ते प्रथिन कोणत्या अवस्थेत आहे हे कोणी विचारत नाही, आणि पदार्थ बिघडतो तो नेमका तिथंच.

सोयाबीनमध्ये ४० टक्के प्रथिन म्हणतात, ते दाण्यात असतं कुठं?

दाण्याच्या दोन दलांमध्ये. तिथल्या पेशींत ५ ते २० मायक्रॉनचे गोल कण ठासून भरलेले असतात, त्यांत हे प्रथिन साठवलेलं असतं. त्या कणांच्या मधल्या जागेत तेलाचे त्याहून कितीतरी लहान थेंब असतात. कोरड्या दाण्याचा साधारण ४० टक्के भाग प्रथिन आणि २० टक्के तेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती पुढे कामी येते. हरभऱ्यात आणि तुरीत स्टार्च भरपूर असतं, पक्व सोयाबीनमध्ये ते जवळजवळ नसतंच. म्हणून बेसनाचं पिठलं जसं आळतं तसं निव्वळ सोया पिठाचं आळत नाही. सोयाबीनमध्ये घट्टपणा आणायचा तर तो प्रथिनाकडूनच काढून घ्यावा लागतो.

हे प्रथिन एकच आहे की वेगवेगळी?

वेगवेगळी. पण साठ्याची मुख्य प्रथिनं दोन आणि एकूण प्रथिनाचा मोठा वाटा त्यांचाच. एक ग्लायसिनिन, दुसरं बीटा-कॉनग्लायसिनिन. ग्लायसिनिन हे नाव ऑस्बर्न आणि कॅम्पबेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये दिलं. यंत्रात वेगानं फिरवल्यावर कोणतं प्रथिन किती झपाट्यानं तळाला जातं यावरून पहिल्याला ११एस आणि दुसऱ्याला ७एस म्हणतात. पुढे मी हीच छोटी नावं वापरते.

११एस सहा घटकांचं बनलेलं असतं. प्रत्येक घटकात दोन साखळ्या, एक आम्लधर्मी आणि एक अल्कधर्मी, आणि त्या दोघींना गंधकाच्या पुलानं एकमेकींशी जखडलेलं असतं. ७एस तीन घटकांचं, आकारानं ११एसच्या निम्म्याच्या आसपास. त्याच्यावर शर्करेच्या लहान साखळ्या चिकटलेल्या असतात आणि गंधकाचे पूल जवळपास नसतात. त्यामुळे ११एस कडक आणि ताठ, ७एस जास्त लवचिक. गंधकयुक्त अमिनो आम्लं ११एसमध्ये तुलनेनं जास्त असल्यामुळे पोषणाच्या बाजूनंही ते थोडं सरस ठरतं.

याशिवाय थोड्या प्रमाणात लहान प्रथिनं असतात. पोटाला त्रास देणारं आणि उग्र वास आणणारं कोण, ते त्यांच्यातच सापडतं.

प्रथिनाच्या घडीचा माझ्या पनीरशी काय संबंध?

सगळा संबंध तिथंच आहे, म्हणून हे जरा सावकाश वाचा.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती सुताच्या गुंडीसारखी घट्ट गुंडाळलेली असते. पाण्याशी जमवून घेणारे भाग बाहेरच्या अंगाला, तेलाशी जमणारे भाग आत दडलेले. दाण्यात ही गुंडी घट्ट असते कारण रोप उगवेपर्यंत तिला टिकायचं असतं. कच्चा दाणा भिजवून वाटला तर या गुंड्या पाण्यात विरघळतात, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. त्या अवस्थेतल्या दुधात मीठ-आंबट काहीही टाका, भुरभुरीत गाळ बसेल, पनीर होणार नाही.

तापवलं की गुंडी उलगडते. ७एस साधारण ७० ते ७५ अंश सेल्सिअसला, ११एस ८५ ते ९० अंशांच्या आसपास. आत दडलेले तेलप्रेमी भाग बाहेर येतात, गंधकाचे पूल सुटून नव्या जागी जुळतात आणि आता या साखळ्या एकमेकींना धरायला तयार असतात. मग लगेच गाठी का होत नाहीत? कारण दुधाच्या सामूला (सामू म्हणजे आंबटपणाचं माप, पीएच) सगळ्या साखळ्यांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो, तो त्यांना दूर ठेवतो. शिवाय उकळताना ११एसच्या सुट्या झालेल्या अल्कधर्मी साखळ्यांना ७एस जवळ घेतं आणि त्यांचा मोठा गोळा होऊ देत नाही. दोन्ही प्रथिनं एकत्र असतात म्हणूनच उकळलेलं सोया दूध दुधासारखं एकजीव राहतं.

यात कॅल्शियम, मॅग्नेशियम किंवा आंबट टाकलं की तो भार कमी होतो, साखळ्या जवळ येतात, जाळं विणलं जातं, आणि त्या जाळ्यात पाणी आणि तेल अडकून बसतं. हेच सोया पनीर.

म्हणून ज्या गटाला मी एकच गोष्ट सांगू शकते त्याला हीच सांगते: ९० अंशांच्या पुढे पूर्ण तापू द्या. ८० अंशांवर दूध ‘तापलं’ म्हणून उतरवलं, तर ७एस उलगडलेलं असतं आणि ११एसचा बराच भाग तसाच बंद असतो. घट्टपणा आणणारं प्रथिन कामालाच लागलेलं नसतं.

ताई, दूध चुलीवर ठेवलं की फेस भांड्याबाहेर जातो. उकळी आली असं कधी समजायचं?

फेस म्हणजे उकळी नव्हे. ८० अंशांच्या आसपास दूध अचानक फुगतं, पांढरा, बारीक, चिवट फेस सरसर काठापर्यंत चढतो आणि बहुतेक जणी तिथंच गॅस बंद करतात. सोयाबीनमध्ये सॅपोनिन नावाचे फेसाळ घटक असतात. त्यात नुकतंच उलगडलेलं प्रथिन हवेच्या बुडबुड्यावर पापुद्र्यासारखं बसतं, त्यामुळे फेस लवकर फुटत नाही.

पसरट भांडं घ्या आणि निम्मंच भरा. फेस चढला की आच कमी करा, उलथण्यानं तळापासून ढवळत राहा. फेस हळूहळू बसतो आणि खालून मोठे बुडबुडे फुटायला लागतात, ती खरी उकळी. तिथून पुढे १५ ते २० मिनिटं मोजा. तळाला लागू देऊ नका, सोया दुधाचा करपट वास नंतर कशानंही जात नाही.

उकळून शांत ठेवलेल्या दुधावर जी पिवळसर साय धरते ती मलई नाही. पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं तसं उलगडलेलं प्रथिन तेलाला घेऊन तिथं पापुद्रा विणतं. चीन आणि जपानमध्ये हा पापुद्रा काडीवर उचलून वाळवतात आणि आवडीनं खातात. फेकू नका.

आमचं सोया पनीर एकदा घट्ट होते, एकदा भुसभुशीत. माप तर तेच असते!

माप तेच असलं तरी बाकी बरंच बदललेलं असतं. मी खालील क्रमानं तपासते.

आधी दूध. एक किलो दाण्याला ६ ते ८ लिटर पाणी ठीक. त्याहून पातळ केलं तर जाळं विणायला प्रथिनच पुरत नाही. मग उष्णता, तिचं वर सांगितलंच.

त्यानंतर विरजण, म्हणजे दूध फाडायला काय वापरता ते. लिंबू किंवा व्हिनेगर झटकन काम करतं. जाळं घाईघाईत विणलं जातं, दाणे पडतात, पाणी बाहेर सुटतं, पनीर आंबूस आणि भुसभुशीत होतं. खाण्यायोग्य प्रतीचं कॅल्शियम सल्फेट पाण्यात हळू विरघळतं, म्हणून जाळं सावकाश आणि सलग बनतं. पनीर मऊ पण अखंड राहतं आणि उतारा जास्त मिळतो. लिटरमागे साधारण ३ ग्रॅम, अर्धी वाटी पाण्यात कालवून. मूर्ती किंवा भिंतीसाठी मिळणारं प्लास्टर ऑफ पॅरिस चुकूनही वापरू नका, ते खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं. मॅग्नेशियम क्लोराईडची चव छान येते, पण ते फार जलद काम करतं, हात बसायला वेळ लागतो.

विरजण घालताना दूध ७५ ते ८५ अंशांवर असावं. भरउकळीत घातलं तर गाठी कडक आणि कोरड्या होतात, कोमट दुधात घातलं तर धड जमतच नाहीत. घातल्यावर दोन-तीनदा हलकेच फिरवून हात थांबवा. नुकतं विणलं जाणारं जाळं सतत ढवळून तोडण्यानं जितकं पनीर वाया गेलेलं मी पाहिलंय तितकं दुसऱ्या कशानंही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी उलथण्याच्या कडेनं गोळा जरा बाजूला सारून बघा: सुटलेलं पाणी फिकट पिवळं आणि पारदर्शक दिसलं तर प्रथिन जाळ्यात आलेलं आहे. पाणी दुधट असेल तर अजून विरजण हवं.

आणि शेवटी दाणा. ११एसचं प्रमाण जास्त असलेल्या दाण्याचं पनीर घट्ट आणि टणक होतं, कारण त्यातले गंधकाचे पूल जाळ्याला बळकटी देतात. ७एस जास्त असेल तर मऊ आणि लवचिक. हे प्रमाण वाणागणिक बदलतं. बाजारातून दर खेपेला वेगवेगळा मिश्र माल घेतला तर पनीर एकसारखं यावं अशी अपेक्षाच धरू नये. एकाच शेतकऱ्याकडून एकाच वाणाचं सोयाबीन वर्षभरासाठी घेणं हा माझा ठाम सल्ला आहे. एक किलोला दीड ते दोन किलो पनीर निघालं तर काम बरोबर चाललंय असं समजा.

बोअरच्या पाण्यानं काही फरक पडतो का?

पडतो, आणि पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या गटांनी तर हे आधी बघावं. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असलं की वाटतानाच प्रथिनाचा काही भाग बांधला जातो आणि दुधाऐवजी चोथ्यात राहतो. दूध उकळताना आपोआप बारीक फाटतं ते बहुधा याचमुळे. भिजवायला जमेल ते पाणी वापरा, पण वाटायला आणि दुधाला गोडं पाणी घ्या. पावसाचं साठवलेलं स्वच्छ पाणी किंवा फिल्टरचं चालेल.

चहात किंवा टोमॅटोच्या रश्श्यात सोया दूध का फाटतं?

सोया प्रथिनाचा विद्युतभार सामू ४.५ च्या आसपास शून्यावर येतो, तिथं ते सगळ्यात कमी विरघळतं. सोया दुधाचा सामू साडेसहाच्या पुढे असतो. टोमॅटो, चिंच, अंबाडी, आमसूल तो खाली ओढतात. रस्सा आधी थोडा निववा, दूध शेवटी घाला आणि पुन्हा उकळू नका.

तो उग्र, कच्चट वास येतो कुठून?

लायपॉक्सीजिनेज नावाच्या विकरातून. विकर म्हणजेही प्रथिनच, पण साठ्याचं नाही, काम करणारं. सबंध दाण्यात ते आणि तेल वेगवेगळ्या जागी असतात, म्हणून कोरड्या दाण्याला वास नसतो. भिजवून वाटलं की विकर, तेल, पाणी आणि हवा एकत्र येतात आणि काही क्षणांत हेक्झॅनलसारखी वासाची द्रव्यं तयार होतात. एकदा झालेला वास उकळून नीट जात नाही, म्हणून तो होऊच द्यायचा नाही.

विकराची घडी मोडली की त्याचं काम थांबतं. भिजवलेला दाणा निथळून, ८० अंशांपेक्षा गरम पाणी घालूनच वाटा. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९६० च्या दशकात ही रीत बसवली गेली आणि आपल्या मिक्सरवरही ती चालते; फक्त झाकण घट्ट धरा, वाफ अंगावर येते. भिजवण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तरी मदत होते.

मात्र भिजवलेला दाणा आधीच अर्धा तास उकळून मग वाटला, तर वास जातो पण प्रथिन दाण्यातच आळून बसतं आणि दूध पातळ निघतं. पिठासाठी उकळणं योग्य, दुधासाठी गरम वाटणं योग्य.

इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेनं खाण्यासाठी खास वाणं काढली आहेत. एनआरसी १३२ मध्ये या विकराचा एक मुख्य प्रकार नाही, एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ हा पचनरोधक नाही आणि एनआरसी १४२ मध्ये दोन्ही नाहीत. पेरण्याआधी आपल्या भागासाठी शिफारस आहे का ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या. आपल्याकडे वर्षानुवर्षं पेरलं गेलेलं जेएस ३३५ हे उत्पादनासाठी निवडलेलं वाण. त्याचं दूध होतंच, फक्त वर सांगितलेली काळजी घ्यावी लागते.

गव्हाच्या दळणात मूठभर कच्चं सोयाबीन टाकते. चालते ना?

नको काकू. सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी दोन लहान प्रथिनं असतात. कुनिट्झ रोधक १८१ अमिनो आम्लांचा, त्यात गंधकाचे दोन पूल. बोमन-बर्क रोधक अवघ्या ७१ अमिनो आम्लांचा, पण त्यात असे सात पूल, म्हणून तो उष्णतेला जास्त वेळ दाद देत नाही. ही कच्ची राहिली तर खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही, पोट जड होतं. कच्चं सोयाबीन खाऊ घातलेल्या कोंबड्यांची वाढ खुंटते आणि स्वादुपिंड सुजतं, हे फार पूर्वीपासून माहीत आहे. तव्यावर पोळी मिनिटभर असते, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये.

कोरड्या भाजण्यापेक्षा ओली उष्णता यावर जास्त परिणामकारक. दाणा निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं शिजवा, निथळून उन्हात कडक वाळवा, साल पाखडून काढा आणि मग दळणात घाला. फुटाणे करायचे तरी आधी भिजवून, उकडून मगच भाजा.

किती पीठ मिसळावं? भाकरी तुटत नाही का?

दहा किलो धान्यात एक किलो. सोया प्रथिन गव्हातल्या ग्लुटेनसारखं ताणलं जात नाही, त्यामुळे जास्त घातलं तर पोळी कडक आणि चिरकी होते. ज्वारीत मुळातच ग्लुटेन नसतं, तिथं उकळत्या पाण्यानं स्टार्च चिकट होतं म्हणून भाकरी थापता येते. सोया पीठ ते स्टार्च पातळ करतं. पण सोया पीठ पाणी जास्त धरतं, त्यामुळे पाणी थोडं वाढवून पीठ पाच-दहा मिनिटं मुरू दिलं तर भाकरी उलट संध्याकाळपर्यंत मऊ राहते.

पोषणात हे जोडपं फार चांगलं आहे. ज्वारी आणि गव्हात लायसीन कमी, सोयाबीनमध्ये भरपूर. सोयाबीनमध्ये मेथिओनीन कमी, धान्यात ते तुलनेनं बरं. लेकरांच्या ताटात ही जोडी रोज असावी असं मला मनापासून वाटतं.

शेव-चकलीत थोडं सोया पीठ घातलं तर तेल कमी पितं, कारण प्रथिन तापून वरचा थर लवकर आळतो. बेकरीवाले केकमध्ये वापरतात ते तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यासाठी. त्या कामात लवचिक ७एस पुढे असतं, तेलाच्या थेंबाभोवती ते लवकर पसरतं.

सोया वडी मटणासारखी रेषारेषांची कशी होते?

तेल काढलेलं, सुमारे ५० टक्के प्रथिनाचं पीठ थोड्या पाण्यासह एक्स्ट्रूडरमध्ये १३० ते १७० अंशांवर दाबाखाली ढकलतात. घडी पूर्ण मोडते, साखळ्या वाहण्याच्या दिशेनं रांगेत लागतात आणि त्याच स्थितीत एकमेकींना जोडल्या जातात. तोंडातून बाहेर पडताना पाण्याची वाफ होऊन वडी फुगते आणि पोकळ राहते. सावजी रश्श्यात टाकण्याआधी गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळा. जुनं पाणी बाहेर गेलं तरच मसाला आत जातो.

मग ढेपेसारखी मिळणारी डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) दळून खाल्ली तर? प्रथिन तर तेवढंच!

खाऊ नका. टक्का जवळपास सारखा, पण अवस्था वेगळी. गिरणीत हेक्झेन या द्रावकानं तेल काढल्यावर डीओसी वाफेवर चांगली भाजतात, कारण ती कोंबड्या-जनावरांसाठी असते. त्यात प्रथिन इतकं आळतं की पाण्यात फारसं विरघळत नाही. खाण्याच्या पिठासाठी द्रावक कमी उष्णतेत उडवतात, म्हणून पत्री (दाण्याचे चपटे केलेले पापुद्रे) पांढरी राहते. दोन पेल्यांत एक-एक चमचा घालून ढवळा: खाण्याच्या पांढऱ्या पत्रीचं पीठ पाणी दुधट करतं, डीओसी तपकिरी गाळ होऊन तळाशी बसते आणि वरचं पाणी बऱ्यापैकी निवळ राहतं. शिवाय डीओसी खाण्याच्या स्वच्छतेनं हाताळलेली नसते.

सुडीत भिजलेलं किंवा मागच्या वर्षीचं सोयाबीन चालेल का?

पनीरला नाही. ओल आणि उकाड्यात साठलेल्या दाण्यात प्रथिनं आतल्या आत एकमेकांना चिकटतात, दूध कमी निघतं, पनीर ढिलं होतं. काळा पडलेला, बुरशी धरलेला दाणा तर निवडून टाकाच, तो कशातही घालू नये. बाजारात ओलावा १२ टक्क्यांवर मोजतात. खाण्यासाठी ठेवायचं सोयाबीन १० टक्क्यांपर्यंत वाळवा आणि जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा. भावात दाण्याच्या प्रथिनाला आज काहीच किंमत नाही, हे मला खटकतं. चांगला माल घरात वेगळा काढून ठेवणं तेवढं आपल्या हातात आहे.

कोणाला सोयाबीन चालत नाही?

ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना. ७एस आणि ११एस ही दोन्ही प्रथिनं ॲलर्जी देऊ शकतात आणि उकळण्यानं तो धोका पूर्ण जात नाही. पाकिटावर सोयाबीनचा उल्लेख ठळक करा. अंगावर गांधी, ओठ सुजणं, धाप असं काही झालं तर लगेच दवाखान्यात न्या.

उरलेल्या चोथ्याचं काय करायचं?

फेकू नका. न विरघळलेलं प्रथिन आणि भरपूर तंतू त्यात असतात. तो ओला असतो, म्हणून उन्हाळ्यात काही तासांतच आंबतो. दूध गाळल्याबरोबर त्याच दिवशी थालीपीठ, वडे किंवा झुणक्यात घाला, पण पूर्ण शिजवूनच, कारण गाळून आधी वेगळा काढलेला चोथा कच्चा असतो. जास्त असेल तर वाफवून, पातळ पसरून कडक वाळवा आणि दळून पिठात मिसळा. जनावरांना द्यायचा तर तोही उकडून, थोडा-थोडा, कुटारात मिसळून द्या.